हाकेला ओ द्यायचा नाही

१

शेंदूर फासलेल्या दगडाशी सकाळी पायताणांचे चार जोड काढून ठेवले होते. दुपारी चार वाजता मनस्विनी राईतून बाहेर आली तेव्हा तिथं दोनच जोड उरले होते. एक तिचे बूट, दुसरे केयूरचे. काकासाहेबांच्या सँडल नव्हत्या, आणि बाबांच्या चपलाही नव्हत्या.

चपला नाहीत म्हणजे माणूस त्या घालून कुठंतरी गेला असणार, यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण तिचे बाबा, श्रीधर नांदापूरकर, म्हणजे असा कुणीही माणूस नव्हता. छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला मास्तर. त्यांच्या घरी घड्याळ माणसांना चालवत नसे, माणूस घड्याळाला चालवत असे. चारला दगडाशी भेटायचं म्हणजे चारला पाच कमी असताना ते तिथं उभे असणार आणि पोरीला उशीर झाला म्हणून बोलणार. ते न सांगता निघून जातील हे मनस्विनीला पटेना.

सावळदरा हे एसटीचं शेवटचं गाव. शहरातून सातची गाडी निघते, छावणी, दौलताबाद, वेरूळ, कन्नड करत सव्वानऊला डोंगराच्या कुशीत येऊन थांबते, आणि पुढं रस्ताच नाही. थांब्यापासून अर्ध्या कोसावर आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवींची, राई. किती शतकं तिथं कुऱ्हाड लागली नाही ते कुणालाच ठाऊक नाही. सूर्याचं ऊन तिथं जमिनीपर्यंत पोचतच नाही. मोबाइलची रेंज तर गावातसुद्धा नाही, ती थेट घाटमाथ्यावर येते.

राईचे नियम तीन. आत अनवाणी जायचं. बाहेर येताना वाळकं पानसुद्धा न्यायचं नाही, म्हणून दगडाशी थांबून कपडे झटकायचे. आणि तिसरा नियम राखणदार कडूबा प्रत्येकाला बोट उगारून सांगायचा. आतून हाक आली तर ओ द्यायचा नाही.

कडूबा आत्ताही दगडाशेजारी उकिडवा बसला होता.

"बाबा, आमचे सर बाहेर आले का?" मनस्विनीनं विचारलं.

"म्या बाराला भाकर खायला घरी गेल्तो. एकला परत आलो. तवापासून हितंच हाय. मास्तर काय भाईर आले नाय."

"मग चपला?"

कडूबानं दगडाकडं पाहिलं, बोटावर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. "पोरी, दोनाच्या टायमाला हाक आल्ती. तूबी ऐकलीस ना?"

ऐकली होती. दोन वाजता ती दगडापासून वीसेक पावलांवर, वडाच्या पारंब्यांचं चित्र काढत बसली होती. आतून, फार लांबून, एक आवाज आला. शब्द नव्हते, नुसताच लांबट, थरथरता सूर. मोर असेल म्हणावं तर मोराचा नव्हता. ती उठून ओ देणार तोच या कडूबानं ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले होते, आणि शहरातली शिकलेली मुलगी असूनही ती मुकाट खाली बसली होती. आवाज आणखी दोनदा आला, मग थांबला.

"आसरा बाप्या माणसाला हाक मारून पाण्यात नेत्यात," कडूबा पुटपुटला. "वर्साला एक."

२

सकाळी किती हसत निघाले होते सगळे!

सातच्या गाडीला कंडक्टर करुणा साळवे होती. मुकुंदवाडीची, चाळिशीची, या मार्गावर सहा वर्षं झालेली. सुट्ट्या पैशांवरून आमदारालाही खाली उतरवील अशी तिची ख्याती. महिन्यातल्या एका रविवारी सर येणार हे तिला पाठ झालेलं. तिनं न विचारताच मशीनवर हाफ दाबायला बोट नेलं तेव्हा बाबांनी रुबाबात आधार कार्ड पुढं केलं.

"हाफ नाही, करुणाताई. हाफ बंद आजपासून."

करुणानं जन्मतारीख वाचली, हिशोब केला आणि कपाळापर्यंत भुवया नेल्या. "अरे वा! गुरुवारीच पंच्याहत्तरी झाली की तुमची!" मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट सरकलं. "घ्या सर. आता एसटी तुमचीच."

बाबांनी ते तिकीट सोन्याचं असल्यासारखं शर्टाच्या खिशात घातलं. केयूरनं त्याचा व्हिडिओ काढला. मग बाबांनी सगळ्यांना दम भरला. "कन्नडला काकासाहेब चढला की गप्प बसायचं. तो मला म्हातारा म्हणतो ना? संध्याकाळी परतताना त्याच्या नाकासमोर फुकट तिकीट काढणार आहे मी."

कन्नडला काकासाहेब चढले, ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा घेऊन. कापडाचं दुकान असलेला, गोडबोल्या, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. सहा वर्षं तो बाबांची सावली झाला होता. बाबा झाडं मोजायचे, हा टेप धरायचा. राईचे नियम त्याच्याइतके कुणी पाळत नसे. आत शिरताना पँट घोट्याच्या वर दुमडायची, बाहेर येताना दगडाशी दुमड सोडून इतकी झटकायची की बघणाऱ्याला कंटाळा यावा. केयूर नुसताच बाहेर पडला की हा त्याला परत बोलवायचा. "अरे, देवाचं पान घेऊन जातोस का घरी?"

भाकरी खाताना बाबा तावातावानं बोलत होते. "तीन चंदनं दिसत नाहीयेत मला. मागच्या खेपेला वाटलं, आपलंच मोजायचं चुकलं. पण माझी वही चुकत नाही. आज खोडं शोधतो, टाक्याच्या अंगाला. कुणीतरी कापून वर माती लोटलीये." मग त्यांनी केयूरकडं मोर्चा वळवला. "आणि तू! राईचा पत्ता घालून व्हिडिओ टाकतोस! चोरांना आवतण देतोस!"

केयूर चोवीस वर्षांचा, बाबांच्या हाताखाली झाडं ओळखायला शिकणारा; त्याचा चेहरा उतरला. खिडकीबाहेर बघत तो काहीतरी पुटपुटला. काकासाहेबांनी मधे पडून दोघांना ठेचा वाढला. "जाऊ द्या सर, लेकरू आहे."

टाकं म्हणजे राईच्या पोटातलं, खडकात कोरलेलं जुनं पाण्याचं कुंड. मार्चात डोंगरातला ओढा आटतो, झरे आटतात, पाणी उरतं ते फक्त त्या टाक्यात. मागं एकदा बाबांनी लांबून दाखवलं होतं. वर हिरवी साय धरल्यासारखं दिसत होतं. साय नव्हे, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी तरंगती पानं, लाखोंनी. "जगातल्या सगळ्यात लहान झाडांपैकी एक," बाबा म्हणाले होते. तिथं कुणी जात नसे. आसरांचं ठाणं ते.

३

मनस्विनी आणि मागाहून दगडाशी आलेला केयूर थांब्यावर धापा टाकत पोचले, तेव्हा काकासाहेब लिंबाच्या पारावर बसले होते.

"काका, बाबा दिसले का? बाबा कुठंच नाहीत!"

"अगं मनूबाई, किती घाबरलीस!" काकासाहेब उठून उभे राहिले. पँट अजून घोट्यावर दुमडलेलीच होती. "सर एकच्या गाडीनं गेले पुढं. अंग मोडून आलंय म्हणाले. तुला सांगायला येणारच होतो, पण माझा गुडघा धरला बघ. म्हटलं, चारला तुम्ही येणारच आहात."

मनस्विनी मटकन पारावर बसली. रडू आणि हसू एकदमच आलं. काकासाहेबांनी आपली बाटली तिच्या हातात दिली, डोक्यावर हात ठेवला. "पी पाणी. रेंज आली की फोन कर, म्हणजे झालं."

देवच पावला असं तिला वाटलं. मघाची हाक म्हणजे वाराच असणार. कडूबाच्या गोष्टींनी डोकं फिरलं आपलं. तरी आतून काहीतरी टोचत होतं. बाबा तिला न सांगता गेले. अंग मोडून आलं असेल तर ते आधी लेकीला हाक मारतील.

हाक मारतील, हा शब्द मनात आला आणि तिनं तो घाईघाईनं पुसून टाकला.

एकच्या गाडीवर दुसरा कंडक्टर होता; पाचला निघाली ती करुणाचीच गाडी. चारदोन गावकरी, हे तिघं, बाकी रिकामीच. दोन घंट्या झाल्या, सर्जेराव ड्रायव्हरनं गिअर टाकला. करुणा तिकिटं फाडत तिच्यापर्यंत आली.

"सर कुठं बसलेत?"

"ते एकच्या गाडीनं गेले," मनस्विनी म्हणाली. "काकांनी पाहिलं."

"हो ना," काकासाहेब मागच्या सीटवरून म्हणाले. "माझ्यासमोरच चढले. हाफ तिकीट काढलं, खिडकीशी बसले, हातसुद्धा केला मला."

करुणाचं बोट मशीनवर होतं तसंच राहिलं. काकासाहेबांकडं तिनं एकदा पाहिलं, मग वर हात करून दोरी ओढली. एक घंटी. एक घंटी म्हणजे थांबा. गाडी पन्नास पावलांवर धक्का देऊन थांबली.

"काय झालं ताई?" सर्जेराव ओरडला. "टाइम झालेला है, घाट में अंधेरा पडेगा."

"मशीन हँग झालं, भाऊ. धा मिन्टं लागतेल."

मशीन हँग झालं नव्हतं. ते तिच्या हातात व्यवस्थित टिकटिकत होतं, आणि ते फक्त मनस्विनीला दिसत होतं.

४

करुणानं मनस्विनीला खाली बोलावलं, गाडीच्या मागं नेलं. उन्हं डोंगराला टेकली होती. राई इथून काळ्या डागासारखी दिसत होती.

"मॅडम, हातपाय गाळू नका. मी विचारते तेवढंच सांगा. सकाळचं तिकीट सरांनी काकासाहेबांला दाखवलं का? राईत, वाटंत, कुठंबी?"

"नाही. संध्याकाळी गंमत करायची म्हणून..." मनस्विनीचं वाक्य अर्धंच राहिलं. "हाफ तिकीट. काका हाफ म्हणाले."

"व्हय. माणूस पंच्याहत्तरीचं मिरवायला निघालाय आन् सहा तासांनी पुन्हा हाफ काढील? सहा वर्षं सरांचं हाफ बघितलंय त्यांनी. न बघितलेली गोष्ट सांगायची तर सवयीचंच तोंडात येणार."

"म्हणजे बाबा गेलेच नाहीत!"

"हळू बोला. गेले नाहीत इतकं कळलं. कुठं हायेत ते कळायचंय. आत्ताच त्याला धरला तर तो तोंड शिवून बसंल, आन् येवढ्या राईत आपण राती काय शोधणार? बिबट्या हाय इथं." तिनं मनस्विनीचा दंड घट्ट धरला. "आन् खोटं एकटा बोलतो का दोघं, तेबी बघावं लागंल." मनस्विनीनं दगडाशी नसलेल्या चपला, कडूबाचं बारा ते एक घरी जाणं, दोनची हाक, सगळं भराभर सांगितलं.

पहिला नंबर केयूरचा लागला. त्याला पायरीवर बसवून करुणानं सरळच विचारलं, "दुपारभर कुठं होतास रे?"

केयूरच्या तोंडचं पाणी पळालं. "राईतच होतो."

"बुटं दगडाशीच होती तुझी, म्हंजी दिवसभर अनवाणी. काढ बुटं, पाय बघू." तिनं वाकून पाहिलं. "ह्या टाचंला शेण लागलंय. राईत गुरं जात नायत."

"गावात गेलो होतो, अनवाणीच," तो रडवेला होऊन म्हणाला. "फोन चार्ज करायला. सरांना आवडत नाही म्हणून सांगितलं नाही. अकराला आमचं पुन्हा भांडण झालं. मी म्हटलं, तुम्हीच एकदा हरवा म्हणजे कळेल पत्त्याची किंमत. मनूताई, मी नुसतंच म्हटलं हो! मला काय माहीत..."

तो हुंदके द्यायला लागला. मनस्विनीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक चपराक द्यावीशीही वाटली.

"एकच्या गाडीत सर दिसले?"

"मी हॉटेलात होतो. गाडी पाहिली, आत कोण ते नाही पाहिलं."

"सरांनी परतीचं तिकीट कसलं काढलं असतं?"

"फुकटचं," केयूर नाक पुसत म्हणाला. "सकाळी व्हिडिओ काढला ना मी."

करुणानं मान हलवली. घराकडं निघालेला कडूबाही गाडी थांबलेली बघून काठी टेकत रस्त्यापर्यंत आला होता. तिनं त्याला गाठलं.

"बाबा, हाक कोणत्या अंगानं आल्ती?"

"नाव नगं घेऊस पोरी, तिन्हीसांज व्हायलीय."

"मी बुद्धाची लेक हाय, मला आसरा नेत नायत. सांगा तुम्ही."

कडूबानं काठीनं राईकडं दाखवलं. "टाक्याकडून. तीनदा आल्ती. म्या कानात बोटं घातली. माझ्या बापानं घातली, त्याच्या बापानं घातली. जो ओ देतो त्यो जातो."

थरथरता, लांबट सूर. तीनदा. आणि ती वीस पावलांवर बसून पारंब्या काढत होती.

"टाक्याला जायला वाट कोणती?" करुणानं विचारलं.

"दोन हायती. एक शेंदराच्या दगडावरनं आतून. दुसरी मागनं, आटलेल्या ओढ्यातनं. ती गावाकडंच निघती. पण जातंय कोण?"

करुणा गाडीकडं पाहत राहिली. खिडकीतून काकासाहेब बघत होते. नजरानजर होताच त्यांनी हसून हात केला. मनस्विनीनं मान फिरवली.

५

"काकासाहेब, जरा खाली येता का?" करुणानं मोठ्यानं हाक दिली. आवाजात नेहमीचा सुट्ट्यांचा त्रासिकपणा होता. "हे कडूबा कटकट करायलेत. म्हणे राईतून आलेल्यांनी झटकल्याबिगर गाडी हलू देणार नाय."

कडूबानं असं काही म्हटलं नव्हतं. तो बोलायला गेला, पण करुणानं त्याच्या काठीवर पाय ठेवला.

काकासाहेब पायरीपर्यंत आले, थांबले. "अहो, मी दगडाशीच झटकलं ना मघाशी. साडेबारालाच बाहेर आलो मी."

"कडूबा तवा घरी होते ना. मग त्यांनी कुठून बघावं? झटका की परत, काय जातंय? टाक्याकडं कोणी गेलं असलं तर देवीचा कोप होतो म्हणे."

"टाक्याकडं? छे छे. मी तर मोहाच्या झाडापलीकडं गेलोच नाही आज."

"मग झालं. सोडा दुमड."

आता एवढ्या जणांसमोर नाही कसं म्हणणार? सहा वर्षं दुसऱ्यांना झटकायला लावणारा माणूस! काकासाहेब वाकले. उजव्या पायाची दुमड सोडली, झटकली. माती पडली, एक काडी पडली. डाव्या पायाची सोडताना त्यांचा हात अडखळला. दुमडीचं कापड सुरकुतून ताठ झालं होतं, भिजून वाळल्यासारखं. त्यांनी ते हलकेच उलगडलं आणि एसटीच्या पत्र्याच्या पायरीवर राजगिऱ्याएवढी, अर्धवट सुकलेली हिरवी पानं सांडली.

कडूबा खाली वाकला. एक पान बोटावर घेतलं आणि त्याचा आवाजच बदलला. "हे टाक्याचं हाय."

"मार्चात पाणी दुसरं हायच कुठं?" करुणा म्हणाली. तिनं मशीन पिशवीत टाकलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला, काकासाहेब? दगडाशी थांबून झटकलं असतं तर हे तिथंच पडलं असतं. सहा वर्षं तुमचं चुकलं नाय, आज चुकलं, कारण आज तुम्ही दगडावरून आलाच नाय. ओढ्यातून पळत आलात. मग राईबाहेरून वळसा घालून दगडाशी गेलात, तुमच्या सँडल घेतल्या आन् सरांच्याबी चपला उचलल्या. सर बाहेर पडले असं वाटाया पायजे होतं ना. आन् ते जे हाफ तिकीट तुम्ही बघितलं म्हणता, ते सरांनी आजपासून बंद केलंय. सकाळीच शून्याचं फाडलंय मी, माझ्या हातानं."

काकासाहेबांची नजर आधी केयूरकडं गेली, मग मनस्विनीकडं. तिनं त्या डोळ्यांत काहीतरी शोधलं, निदान राग तरी असेल म्हणून. नुसती भीती होती तिथं, तिच्या स्वतःच्या भीतीइतकीच.

"सर्जेरावभाऊ," करुणा म्हणाली, "यांला गाडीत बसवा आन् दार लावून घ्या. गाडीतला टॉर्च आन् मागची दोरी द्या मला. मॅडम, चला."

६

राईत शिरताना कडूबानं सवयीनं पायताण काढलं. मनस्विनीही वाकली. "असू द्या पायात," करुणा म्हणाली, पण मनस्विनीनं बूट काढलेच. का ते तिला सांगता आलं नसतं. बाबा आत अनवाणी होते, एवढंच.

बाहेर अजून उजेड होता, आत मात्र संध्याकाळ केव्हाच झाली होती. पाचोळ्यात काहीतरी सरसरत गेलं. केयूर मागून दोरीचं वेटोळं घेऊन येत होता, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. काटा रुतला, तिनं काढला नाही. साडेबारापासून धरलं तर पाच तास. दोन वाजता तीनदा हाक आली आणि मग थांबली. का थांबली? दमून थांबली की... पुढचा विचार करायची तिची छाती होईना. देवाधर्माचं कधी न केलेली मनस्विनी मनातल्या मनात आसरांना विनवू लागली. आया हो, एवढा एक माणूस परत द्या.

मोहाच्या झाडापलीकडं एका जागी करुणानं टॉर्च खाली धरला. लोटलेली माती उकरलेली होती. तिच्याखाली कापलेलं, पिवळसर खोड. त्याचा मंद वास अजून हवेत होता.

"चंदन," केयूर कुजबुजला.

पुढं काळा खडक लागला आणि कडूबा थांबला. "हितून फुडं म्या नाय."

टाकं सहा-सात पावलांवर होतं. हिरवी साय कडेला एका ठिकाणी फाटलेली होती आणि फाटक्या जागेतून काळं पाणी दिसत होतं. बाकी सगळं शांत होतं. मनस्विनीला वाटलं, आता काही ऐकू येणारच नाही.

तेवढ्यात खालून, खडकाच्या पोटातून, तो सूर आला. दुपारचाच. आता तो फार बारीक झाला होता.

कडूबानं दोन्ही कानांत बोटं घातली. "ओ देऊ नगंस! पोरी, ओ देऊ नगंस!"

मनस्विनीनं छाती भरून श्वास घेतला.

"ओ, बाबा! ओ! आले मी! ओ!"

तिचा आवाज खडकावर आपटून चहूकडून परत आला. वरच्या फांद्यांतले पक्षी फडफडून उठले. टॉर्चच्या उजेडात, तुटक्या पायऱ्यांच्या खाली, बाहेर आलेल्या एका दगडाला मिठी मारून बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस दिसला. छातीपर्यंत पाण्यात. ओठ निळे पडले होते.

"मनू," तो म्हणाला. "चार वाजून गेले ना गं?"

केयूर दोरी कमरेला बांधून खाली उतरला. वरून ओढायला दोघी बायका होत्या आणि ओझं हलेना. मग मनस्विनीच्या मागून दोन सुरकुतलेले हात आले आणि त्यांनी दोरी धरली. कानांतली बोटं काढून कडूबा टाक्याच्या काठावर आला होता. तो घळाघळा रडत होता.

"म्या ऐकलं व्हतं मास्तर," तो एकसारखा म्हणत होता. "म्या तीनदा ऐकलं व्हतं."

७

घाट चढताना गाडीत दिवे लागले. मागच्या बाकावर काकासाहेब दोन गावकऱ्यांच्या मधे मान घालून बसले होते. त्यांच्या पिशवीत भाकरीच्या डब्याखाली बाबांच्या चपला निघाल्या आणि ती वहीही. तिच्यात सहा वर्षांत मोजलेली एकूण एक चंदनं होती, घेर आणि जागेसकट. टेप धरणाऱ्या माणसाला कुठलं झाड कुठं आणि केव्हा जून झालं हे तोंडपाठ होतं. केयूरच्या व्हिडिओची चोरांना गरजच नव्हती. पुढचं कन्नडला पोलीस बघणार होते.

बाबा सर्जेरावांच्या घोंगडीत गुरफटून लेकीच्या खांद्याला टेकले होते. घोट्याचं हाड मोडलं होतं, दात वाजत होते.

"त्यानं ढकललं का हो तुम्हाला?" करुणानं हळूच विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "खोड सापडलं, तेव्हाच त्याच्या तोंडावरून मला कळलं. मी म्हटलं, काकासाहेब, तू? मागं सरलो आणि पायरी तुटली. तो धावत आला. एक पाय पाण्यात टाकून त्यानं माझा हात धरला. घट्ट धरला होता. वर ओढतच होता. मग थांबला. माझ्याकडं बघितलं त्यानं. आणि हात सोडला."

त्याच हातानं त्यानं मला पाणी पाजलं, मनस्विनीच्या मनात आलं. त्याच हातानं डोक्यावरून थोपटलं. तिला मागं वळून बघवेना.

करुणा उठली. जवळजवळ रिकाम्या गाडीत सवयीनं दांडा धरून तिनं मशीन काढलं, एक बटण दाबलं. तिकीट सरकलं. "सर, परतीचं राहिलं होतं. शून्य."

बाबांनी ओल्या खिशातून सकाळचं तिकीट काढलं. त्याचा लगदा झाला होता, अक्षर एकही उरलं नव्हतं. नवं तिकीट त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यांना रडू फुटलं. इतके तास त्या काळ्या पाण्यात आवरून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं.

मग ग्लानी येऊ लागली. करुणा म्हणाली, दवाखाना येईस्तोवर झोपू देऊ नका, बोलत राहा. पण बोलायचं काय? दोन वाजता मी ऐकलं होतं, हे मनस्विनीला सांगायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती.

"मनू," बाबांनी मिटल्या डोळ्यांनी हाक मारली.

"ओ."

"आहेस ना?"

"आहे, बाबा."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, मनू. कन्नडला काकासाहेबांना पोलिसांनी उतरवून घेतलं, डॉक्टरांनी घोटा बांधून शहरातल्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मग वेरूळ गेलं, खुलताबाद गेलं, दौलताबादचा किल्ला अंधारात मागं पडला, छावणीतले दिवे दिसायला लागले. तितक्या वेळात त्यांनी किती हाका मारल्या ते कुणी मोजलं नाही. मनस्विनीनं एकही ओ चुकवला नाही.